व्याह्यांचं जहाज

व्याही घरी येणार म्हटल्यावर मुलीच्या माहेरी जी धांदल उडते ती तुम्हा-आम्हाला सांगायला नको. राजारामपुरीत अमरसिंह खराड्यांच्या फ्लॅटमध्ये त्या रविवारी सकाळपासून तीच चालली होती. शालनताईंनी पडदे बदलले, सोफ्यावरच्या चादरी बदलल्या आणि शेवटी नवऱ्याचा शर्टही बदलायला लावला. "मटण कमी पडंल का ओ?" हा प्रश्न तर त्यांनी इतक्या वेळा विचारला की अमरसिंह निमूटपणे पुन्हा दुकानाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

एरवी हा माणूस निमूट राहणारा नव्हता. उमेदीची वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांवर इंजिनिअर म्हणून काढली आणि पुढं ते एका तपासणी संस्थेत सर्व्हेअर झाले. सर्व्हेअर म्हणजे जहाजाची तब्येत तपासणारा माणूस. इंजिन, पंप, सुकाणू, आग विझवायची यंत्रणा हे सगळं जागेवर आहे एवढं बघून त्याचं भागत नाही. वेळेला ते चालतं का, आणि जहाजावरच्या माणसांना ते चालवता येतं का, हेही बघावं लागतं. कोल्हापुरात समुद्र नाही. पण बोलावणं आलं की अमरसिंह घाट उतरून कोकणातल्या बंदरात जायचे, अंगावर कामाचा बॉयलर सूट चढवायचे आणि जहाजाच्या पोटात शिरायचे.

त्यांची एक सवय बंदरात सगळ्यांना माहीत होती. इंजिन रूममधून बाहेर पडायला नेहमीच्या जिन्याशिवाय आणखी एक वाट असते. विहिरीसारखी उभी, अरुंद, लोखंडी. आत शिडी आणि वरच्या टोकाला झाकण. आग लागून जिना बंद झाला तर खालच्या माणसाला तेवढीच वाट उरते. तपासणी संपली की अमरसिंह त्याच शिडीनं वर यायचे. एखादा कॅप्टन म्हणायचा, "साहेब, जिना आहे की!" त्यावर यांचं उत्तर ठरलेलं. "जिना तुम्हाला. मला हीच वाट बरी." झाकण हातानं उघडलं नाही तर जहाज धक्क्यावरच थांबायचं, मग मालक कितीही मोठा असो.

असा हा फटकळ माणूस लेकीचं लग्न झालं आणि मऊ पडला. संयोगिता त्यांची एकुलती एक. तिला गडहिंग्लजच्या गणपतरावांच्या घरी दिली होती. गणपतरावांनी ऊस वाहतुकीच्या ट्रकपासून सुरुवात केली आणि हळूहळू किनाऱ्याकिनाऱ्यानं सिमेंट, कोळसा नेणारी तीन लहान जहाजं घेतली. मुलगा राजवीर त्यांच्याच हाताखाली काम बघायचा. माणसं तशी वाईट नव्हती. पण ती मुलाकडची होती आणि हे मुलीकडचे! लग्नात जावयाचे पाय धुताना अमरसिंह जे वाकले ते पुन्हा सरळ झालेच नाहीत. व्याह्यांचा फोन आला तरी ते उठून उभं राहून बोलायचे. शालनताईंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं होतं.

जेवताना गणपतरावांनी विषय काढला.

"पावणं, आमच्या हिरण्यकेशी जहाजाची तपासणी आलीया. तुमच्या संस्थेत सांगून ठेवलंय, की खराडे साहेबांनाच पाठवा म्हणून."

अमरसिंहांचा घास हातातच राहिला. "आपलं नातं हाय, गणपतराव. असल्या कामात नात्यातला माणूस चालत न्हाय. दुसऱ्या कुणाला तरी..."

"म्हंजे? आमच्यावर इश्वास न्हाय व्हय?" गणपतराव हसत हसत म्हणाले. हसण्याखाली काय आहे ते मुलीच्या बापाला बरोबर कळतं. स्वयंपाकघराच्या दारातून शालनताईंनी डोळ्यांनी खुणावलं. अमरसिंहांनी खाली बघितलं.

"तसं न्हवं ओ. येतो की!" ते म्हणाले आणि व्याह्यांच्या वाटीत पांढरा रस्सा वाढायला उठले.

हिरण्यकेशीवर त्यांना सगळ्यात आधी भेटला तो कृष्णात. मुरगूडचा पोरगा, इंजिन रूममध्ये फिटर. मुरगूड हे अमरसिंहांचं आजोळ आणि कृष्णातची आई झुंबरबाई तिथली शेजारीण. लहानपणी तिनं अमरसिंहांना कडेवर घेऊन गाव फिरवलं होतं. नवरा लवकर गेला, पदरात हा एकटाच मुलगा. आयटीआय झाला तेव्हा ती त्याला घेऊन राजारामपुरीत आली होती आणि म्हणाली होती, "अमर, ह्येला कुठंतरी चिकटव." अमरसिंहांनी व्याह्यांकडे शब्द टाकला आणि कृष्णात जहाजावर गेला. जमिनीवर तो त्यांना मामा म्हणायचा, जहाजावर साहेब.

तपासणी नीट चालली होती. अमरसिंहांनी आगीचा पंप चालवून बघितला, तेलाचे व्हॉल्व्ह वरून बंद होतात का ते बघितलं, सुकाणू फिरवून घेतलं. दोन-तीन ठिकाणी त्यांनी दुरुस्त्या सांगितल्या आणि गणपतरावांनी त्या मुकाट्यानं ऐकल्या. मग ते त्या शिडीपाशी आले. कृष्णात तिथंच उभा होता. त्यानं हातातल्या चिंधीला उगाच हात पुसले आणि हळूच म्हणाला, "साहेब, वर जाताना ह्या वाटंनं चला की."

अमरसिंहांच्या लक्षात आलं. या धंद्यात मुरलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. वरचं झाकण गंजून धरलेलं होतं. पोरगं मालकासमोर तसं बोलू शकत नव्हतं, म्हणून वाट दाखवत होतं. त्यांनी शिडीला हात घातला.

"अवो पावणं!" जिन्याच्या पायरीवरून गणपतरावांनी हाक मारली. "शिडी काय पळून चालल्या व्हय? वर पानं वाढल्यात. संयोगितानं तुमच्यासाठी सकाळी उठून डबा दिलाय. झाकण उघडतंय, मी सांगतोय न्हवं!"

मी सांगतोय न्हवं! आता वर चढायचं म्हणजे व्याही खोटं बोलतात असं चार लोकांसमोर म्हणायचं. झाकण अडलेलं निघालं तर जहाज थांबवायचं. रात्री गडहिंग्लजच्या घरात त्यावर बोलणं निघणार आणि लेक जेवायला वाढत असताना ते ऐकणार. दुसऱ्या कुणाचं जहाज असतं तर अमरसिंह एव्हाना वर पोचलेही असते. त्यांनी शिडीवरचा हात काढून घेतला.

"कड्यांना ग्रीस घालून ठेव रं," ते कृष्णातला म्हणाले आणि जिन्यानं वर गेले. जेवण झालं. तपासणी समाधानकारक असल्याचं लिहून त्यांनी सही केली. कृष्णात उतरायच्या फळीपर्यंत त्यांची बॅग घेऊन आला आणि ती देऊन परत फिरला.

ग्रीस घालून सुटण्याइतकं ते झाकण साधं अडलेलं नव्हतं. खाऱ्या हवेनं बिजागऱ्या गंजून एकजीव झाल्या होत्या आणि त्यावर रंगाचे थर चढले होते. वरिष्ठांकडे कृष्णातनं पुन्हा विषय काढला तेव्हा त्याला उत्तर मिळालं, "सर्व्हेत पास झालंय न्हवं? मग तुझं काय?" तपासणाऱ्याची सही अशी असते, वाचकहो. ती खरी असली तर माणसं वाचवते. खोटी असली तर पुढच्या प्रत्येकाचं तोंड बंद करते.

पुढं गणपतीचं विसर्जन झाल्यावर थोड्याच दिवसांनी राजवीरचा फोन आला. इंजिन रूममध्ये तेलाची नळी फुटली, तेल इंजिनच्या तापलेल्या धुराड्यावर उडालं आणि आग भडकली. वरच्या बाजूला असलेली माणसं जिन्यानं बाहेर पडली. कृष्णात अगदी खाली होता. धुरानं जिना दिसेनासा झाला तेव्हा तो दुसऱ्या वाटेनं वर आला. झाकणापर्यंत आला. वरच्या माणसांनी आतून ठोकल्याचा आवाज ऐकला, पहारी आणल्या, घण आणले. झाकण उघडलं तेव्हा आवाज थांबून बराच वेळ झाला होता.

राजवीर फोनवर रडत होता. अमरसिंहांना रडायलाही आलं नाही. ते तसेच हॉलमधल्या जमिनीवर बसले.

मुरगूडला जाताना गणपतरावांनी त्यांना आपल्या गाडीत घेतलं. गाडी गाव सोडून पुढं गेल्यावर ते घसा खाकरून म्हणाले, "पावणं, चौकशी लागल्या. तुम्हाला इचारतील. शिडीनं वर गेलतो, तवा झाकण उघडत हुतं, एवढंच सांगा. पुढं ग्रीस घालायचं काम त्या पोराचंच हुतं, तुम्हीच सांगून आलता. गेलेला काय परत येत न्हाय. जित्या माणसांचं बघाय पायजे. संयोगिताचं घर हाय ह्ये शेवटी."

अमरसिंह खिडकीबाहेर बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत. नाही न म्हणण्याची त्यांना आता सवयच झाली होती.

झुंबरबाई घराच्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती. अमरसिंह जवळ गेले तशी तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"अमर, लई कष्ट पडलं असतील का रं त्येला?"

अमरसिंह तिच्यासमोर उकिडवे बसले.

"लोकं म्हणत्यात, त्येनंच झाकणाला ग्रीस घातलं न्हाय. मला पटंना. घरातल्या दाराची कडी करकरली तरी त्येल घालाय धावायचा माजा किस्ना." ती थांबली. तिनं पदरानं तोंड पुसलं. "पर मग मीच म्हटलं, अमरनं सोता जहाज बघिटलंय. अमर बघून गेलाय म्हंजे तवा सगळं धडच असणार. मग चूक माज्या पोराचीच असंल. व्हय न्हवं?"

तिचा सगळा विश्वास अमरसिंहांवर होता, आणि त्याच विश्वासापायी ती आपल्या मेलेल्या लेकराला दोषी ठरवत होती! एवढ्यावर ती थांबली नाही. गणपतरावांकडे बघून तिनं हात जोडले. "पावणं, माज्या पोरापायी तुमचं लई नुस्कान झालं. पोटात घाला."

गणपतरावांनीही मान फिरवली. दगड नव्हते ते. पण तुझ्या पोराची चूक नव्हती, असं दोघांपैकी कुणीही तिला म्हटलं नाही. अमरसिंह पडवीतून उतरून गोठ्याच्या मागं गेले आणि तिथं तोंडात रुमाल कोंबून गुरासारखे रडले.

दोन दिवसांनी संयोगिता आली. कुणाला न कळवता, सकाळच्या एसटीनं. आईनं पाणी दिलं ते तिनं तसंच ठेवलं आणि वडिलांसमोर बसली.

"पप्पा, एकच इचारते. त्या दिवशी तुम्ही शिडीनं वर आलासा का?"

अमरसिंहांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

"मी लहान असताना तुम्ही मला सांगायचासा, ज्या वाटंनं मी चढलो न्हाय त्या वाटंवर दुसऱ्याला चढ म्हणायचा मला हक्क न्हाय. आलासा का वर?"

"न्हाय," अमरसिंह म्हणाले. "तुझ्यासाठी गं पोरी. तुझ्या सासरी वाकडं नको म्हणून. मुलीच्या बापाला..."

"माझ्यासाठी?" संयोगिता ताडकन उठली. "मला कवा इचारलंसा? मी म्हटलं असतं, पप्पा, जहाज थांबवा. चार दिवस घरात कुणी माझ्याशी बोललं नसतं, एवढंच ना? मी ते सोसलं असतं. आता मी काय करू? रोज सकाळी उठून त्या घरात चहा करताना मला वाटणार, माझा संसार नीट राहावा म्हणून मुरगूडच्या एका बाईचं पोरगं गेलं. मी मागितला होता का असला संसार?"

"संयोगिता, हळू बोल," शालनताई रडत म्हणाल्या. "लेकीकडच्या माणसांनी नमतं घ्यायची रीतच हाय बाई."

"आई, पाय धुतलेत त्यांनी राजवीरचे. हौसेनं धुतले, मी बघितलंय. मान द्यायचा तो घरात द्या, पाटावर द्या. पण त्या इंजिन रूममध्ये पप्पा कुणाचे बाप न्हवते, कुणाचे व्याही न्हवते! तिथल्या पोरांनी त्यांच्याकडं बघून आपला जीव खाली नेला होता. तो मान पप्पांचा न्हवताच, मग दुसऱ्याला देऊन कसा आले?" ती आईकडून वडिलांकडे वळली. "आणि अजून दोन जहाजं हायत तसलीच. त्यावर पण कुणाची तरी पोरं हायत. तुम्ही आता खोटं बोललासा तर ती जहाजं उद्या पण सुटणार. राजवीरला पण हे कळतंय. त्याला वडिलांसमोर बोलवत न्हाय. सगळ्या घराला या भिडेनं खाल्लंय, पप्पा!"

खालून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते, समोरच्या क्लासला चाललेल्या मुलांचा गलका ऐकू येत होता. अमरसिंह लेकीकडे बघत राहिले. तिला दुःख होऊ नये म्हणून ते वाकले होते, आणि तिच्या चेहऱ्यावर आता जे दुःख होतं ते आयुष्यभर पुसलं जाणार नव्हतं. अरे, काय करून बसलो मी! कुणाला वाचवायला गेलो आणि कुणाला मारून आलो!

ते उठले. "चौकशीच्या आधी मुरगूडला जायला पायजे," ते म्हणाले. "तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळता कामा नये."

मग त्यांनी गणपतरावांना फोन लावला. या वेळी ते खुर्चीत बसून बोलले. "गणपतराव, मी खरं सांगणार हाय. तुमची दुसरी दोन्ही जहाजं धक्क्यावर थांबवा, झाकणं बघून घ्या. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण आजच बघा." पलीकडून बराच वेळ शिव्यांशिवाय काही ऐकू आलं नाही. सोयरीक संपली, तुमची लेक घेऊन जावा, इथपर्यंत बोलणं गेलं. अमरसिंहांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन संयोगिताच्या हातात दिला. ती शांतपणे म्हणाली, "मी उद्या घरी येणार हाय. माझं घर हाय ते. राजवीरला विचारा, त्यानं जा म्हणून सांगितलं तरच मी माहेरी जाईन." राजवीरनं तसं सांगितलं नाही. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा वडिलांना न विचारता बंदरात फोन करून जहाजं थांबवली. त्यातल्या एकाचं झाकण तसंच धरलेलं निघालं.

मुरगूडच्या पडवीत अमरसिंह उभे राहिले तेव्हा झुंबरबाई तांदूळ निवडत होती. एकट्या बाईला लागतात तेवढेच तांदूळ होते. ते खाली तिच्या पायाशी बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. कृष्णातनं वाट दाखवली होती हे सांगितलं. आपण ती टाळली, जेवायला गेलो, खोटी सही केली हे सांगितलं. का केली तेही सांगितलं, आणि सांगताना ते कारण त्यांना स्वतःलाच इतकं क्षुद्र वाटलं की शेवटचे शब्द ओठांतच राहिले.

झुंबरबाईचा हात सुपात थांबला होता.

"मग माज्या किस्नाची चूक न्हवती?"

"न्हवती, आक्का. त्यानं त्याचं काम केलतं. मी माझं केलं न्हाय."

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवत पडवीच्या पायऱ्या उतरली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "ऐकलंसा का गं!" ती दोन्हीकडच्या दारांना ओरडून सांगायला लागली. "माज्या किस्नाची चूक न्हवती! माज्या पोरानं सांगिटलं हुतं! त्येची चूक न्हवती!" बायका दारात आल्या, दुकानातले लोक बाहेर आले. ती सगळ्यांना तेच सांगत होती, पुन्हापुन्हा, घसा बसेपर्यंत. मग ती परत फिरली आणि अमरसिंहांसमोर येऊन उभी राहिली.

"खरं सांगाय आलास, बरं केलंस," ती म्हणाली. "आता जा. माज्या दारात परत येऊ नगं."

अमरसिंह वाकून नमस्कार करायला गेले. तिनं पाय मागं घेतले.

चौकशीत त्यांनी तेच सांगितलं. तपासणीचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. हिरण्यकेशीच्या मालकावर जी कारवाई व्हायची ती सुरू आहे. संयोगिता सासरीच आहे; गणपतराव तिच्याशी बोलत नाहीत, पण तिनं वाढलेलं जेवतात. अमरसिंह मुरगूडला जात नाहीत. जायची सोय त्यांनी ठेवली नाही.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या आयुष्यात एखादा गणपतराव असतो. तो वाईट माणूस असतोच असं नाही. तो पावणा असतो, मित्र असतो, भावकीतला असतो, आणि हसत हसत म्हणतो, मी सांगतोय न्हवं! इमारत बघणारे असाल, औषध तपासणारे असाल, बसचे ब्रेक बघणारे असाल, त्या क्षणी तुमच्यामागं कोण उभं आहे ते एकदा आठवा. ज्याला तुम्ही कधी बघणारही नाही असा माणूस तुमच्या शब्दावर जीव टाकून बसलेला असतो. भीड धरायची तर त्याची धरा. आणि मुलीच्या आईबापांनो, लेकीच्या सुखासाठी म्हणून मान खाली घालण्याआधी एकदा त्या लेकीला तरी विचारा. रुसलेला व्याही आज ना उद्या जेवायला येतो. झुंबरबाई अजून संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून बसते, आणि तिच्याकडे कुणी येत नाही.